मसणात गेलं तुझं काम

मंगळवारी सकाळी सव्वादहाला इंग्लंडातल्या स्लाऊच्या बाथ रोडवर बसची वाट बघत उभा असताना मला माझं स्वतःचं अक्षर दिसलं. एकेक अक्षर वीतभर उंच. बसस्टॉपच्या काचेत जिथे एरवी पिझ्झाची नाहीतर इन्शुरन्सची जाहिरात असते, तिथे ओबडाया स्टॅकपोलचा फोटो होता. तेच कल्ले, तीच ताठ कॉलर, तेच एरंडेल प्यायलेलं तोंड. फोटोखाली इंग्रजीत त्याचं वचन, ‘युअर वर्क विल आउटलिव्ह यू.’ आणि त्याच्याखाली देवनागरीत, १९७९ सालच्या माझ्या वळणदार, जरा उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात, ‘मसणात गेलं तुझं काम.’ मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मसण तिथेच होतं. शेजारी एक तरुण जोडपं उभं होतं, दोघांच्याही पाठीवर लॅपटॉपच्या बॅगा. मुलगा ओरडला, “अगं हे बघ, हे बघ काय लिहिलंय!” मुलगी इतकी हसली की तिला खांब धरावा लागला. मग त्यांना ओबडायाबरोबर सेल्फी काढायचा होता. “काका, जरा बाजूला होता का?” मुलानं मला सरळ मराठीतच विचारलं, म्हणजे माझ्या तोंडावर सगळं दिसत असणार. मी बाजूला झालो. बस आली ती पण सोडली.

१९७९ साली स्लाऊमध्ये मराठी वाचणारी माणसं किती होती ते मी छातीठोक सांगू शकतो. दोन. मी आणि माझी बायको, सुलक्षणा. लंडनला होती, बर्मिंगहॅमला डॉक्टर मंडळी होती, पण स्लाऊला दोन. सगळा डाव त्या हिशेबावर होता. पंजाबी होते, पाकिस्तानातले मिरपुरी होते, पण त्यांना देवनागरीशी काय देणंघेणं? आणि आता बघा. सुपरमार्केटच्या रांगेत पुढचा माणूस फोनवर “आई, कुकरच्या किती शिट्ट्या?” विचारत असतो. दर गणपतीला मंडळाचा हॉल पुरत नाही. बेसिंगस्टोकहून लोक गाड्या भरभरून येतात. माणूस चोविशी-पंचविशीत एखादा वात्रटपणा करतो तेव्हा पुढच्या पन्नास वर्षांत कोणाकोणाला व्हिसा मिळणार आहे याचा विचार करतो का? नाही करत. खरं तर तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो, पण ते असो.

हा ओबडाया म्हणजे ओहायोतला. हजेरीची घड्याळं करायचा. कामगारानं आत येताना कार्ड खाचेत घालायचं, दांडा ओढायचा, टण् आवाज होतो आणि कार्डावर वेळ उमटते. जगभर कारखाने, त्यातला एक आमच्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर. मी तिथे ड्रॉइंग ऑफिसात एकवीस वर्षं काढली, त्याच दांड्यांची आणि स्प्रिंगांची चित्रं काढत. पुरुषोत्तम टेंबे हे नाव कोणाच्या जिभेला झेपेना म्हणून मी पर्सी झालो. ओबडाया १९३४ सालीच वारला होता, पण कारखान्यात तो होता. जिन्यात फोटो, कँटीनमध्ये फोटो, पगाराच्या पाकिटावर फोटो. त्यानं गावोगाव दवाखाने बांधले, चर्चना ऑर्गन दिले, अनाथ पोरांना दर नाताळात एकेक संत्रं दिलं. आणि १९१३ च्या जानेवारीत संपावरच्या कामगारांवर आगीच्या बंबाचं गार पाणी मारायला लावलं, त्यात तीन माणसं न्यूमोनियानं गेली. तो मेला तेव्हा सगळ्या कारखान्यांतली घड्याळं श्रद्धांजली म्हणून एक मिनिट थांबवली होती. ते मिनिट त्याच संध्याकाळी भरून घेतलं. हे मी रचून सांगत नाही, कंपनीच्याच पुस्तिकेत अभिमानानं छापलेलं होतं. आमच्या ईशितानं त्याच्यावर प्रदर्शन भरवलंय, ती पोस्टर त्याचीच, आणि त्याला नाव दिलंय, ‘ओबडाया स्टॅकपोल: अ कॉम्प्लिकेटेड मॅन’. कॉम्प्लिकेटेड हा इंग्रजांचा मोठा सोयीचा शब्द. हरामखोर म्हणायचं नसलं की वापरतात.

ईशिता माझी नात. माझ्या लेकीची, वरदाची मुलगी. वरदा आणि जावई दोघं बर्मिंगहॅमला डॉक्टर, पोरगी तिथेच वाढली, आणि गेलं वर्षभर आमच्याकडे राहते, कारण तिला इथे नोकरी मिळाली. कारखाना पाडून तिथे गोदामं झाली, फक्त जुनी कँटीनची इमारत ठेवली आणि तिचं स्टॅकपोल हाऊस केलं, तिथे ती असते. नोकरी महिनाअखेरपर्यंतची. प्रदर्शन चांगलं झालं तर कायम करणार, असं तिच्या बॉस फिलिपाबाईंनी सांगितलंय. चोवीस वर्षांची पोर, गेले चार महिने रात्रंदिवस ओबडाया, ओबडाया. मार्चमध्ये एक दिवस ती घरात शिरली तीच ओरडत, “आजोबा! स्टोअरमध्ये तुमचा बोर्ड सापडली!” मी म्हटलं, “सापडला.” “हो, सापडली!” “बोर्ड सापडला, ग. पुल्लिंगी.” “व्हॉटेव्हर, आजोबा, सापडला! तुमचा सही आहे मागे!” मी म्हटलं, “तुमची सही.” मला ती खोडच आहे. तिची आई म्हणते, बाबा, ती बोलतेय हेच नशीब समजा, चुका काय काढता? पण माझ्या कानाला काढल्याशिवाय राहवत नाही. मागे एकदा तिनं मला वाढदिवसाचं कार्ड दिलं त्यावर ‘माझी लाडकी आजोबा’ असं होतं, तर मी आधी पेन काढलं आणि मग थँक्यू म्हटलं.

तर तो बोर्ड. इनॅमलचा, पांढऱ्यावर निळी अक्षरं, ओबडायाची सहा वचनं, खाली सहा वचनांचं ‘इंडियन’. तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. “हे ट्रान्सलेशन तुम्ही केला?” मी म्हटलं, हो. तेवढं खरं होतं. तिला देवनागरी वाचता येते, मंडळाच्या रविवारच्या वर्गात शिकलीय, एकेक अक्षर लावत, जोडाक्षर आलं की थांबत. तिनं त्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “तु-झं का-म. युअर वर्क. आय चेक्ड! आणि मसणात म्हणजे फॉरेव्हर, ना?” एका अर्थी बरोबरच होतं. मी “हं” म्हटलं. मग ती म्हणाली, “आजोबा, सेव्हंटी-नाइनमध्ये कोणीच असा केला नाही. तुम्ही त्या लोकांना त्यांच्या भाषेत रिस्पेक्ट दिली.” आणि माझ्याकडे तिनं असं बघितलं, असं बघितलं की काय सांगू. रिटायर झाल्यापासून माझ्याकडे तसं कोणी बघितलेलं नाही. रिटायर व्हायच्या आधीही आठवत नाही. तेव्हा मला तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मला ते बघणं आवडलं, झालं.

बसस्टॉपवरून मी पायीच घरी आलो. वाटेत आणखी तीन पोस्टर लागली. दवाखान्याबाहेर एक मसण, लायब्ररीसमोर एक, आणि स्टेशनाच्या भिंतीवर तर हे भलं मोठं, ओबडायाच्या एकेका नाकपुडीत मूठ जाईल. कुठल्याही देशात पोस्टर लावण्याआधी चार माणसांना विचारतात. इथे विचारलं असेलच, फॉर्म भरले असतील, कमिटी बसली असेल, ‘मराठी बरोबर आहे का’ या चौकटीत ईशितानं टिक केलं असेल. कारण तिच्या आजोबांनी लिहिलेलं. मला एकदम धापच लागली. बाकावर बसलो. माझी अब्रू जायची ती जावो, पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला अब्रू करायचीय काय, पण त्या पोरीला फिलिपाबाई केबिनमध्ये बोलावतील, दार लावून घेतील, आणि ईशिता म्हणेल की मला माहीत नव्हती. नव्हतं, मी मनात म्हटलं, आणि स्वतःचाच राग आला.

घरी सुलक्षणा वरणाला फोडणी देत होती. मी आल्या आल्या पोस्टरचं सगळं सांगून टाकलं. तिनं मागे वळूनही बघितलं नाही. म्हणाली, “मला माहितीये.” “काय माहितीये?” “बोर्ड. एकोणऐंशीच्या ख्रिसमस पार्टीला नव्हता का नेलात मला कँटीनमध्ये? मी वाचला तेव्हाच. मसणात गेलं तुझं काम. चुलीत घाल ते घड्याळ. मग ते थोबाडाचं.” सेहेचाळीस वर्षं! सेहेचाळीस वर्षं ही बाई माझ्याबरोबर रोज जेवतेय आणि एक अक्षर बोलली नाही. “मग विचारलं नाहीस?” “काय विचारायचं? मला वाटलं तुम्हाला काम आवडत नाही. ते तर मला दिसतच होतं.” मग गॅस बारीक करून वळली. “पण आता पोरीला सांगा. आजच्या आज. नाहीतर मी सांगते.” मी म्हटलं, सांगतो. म्हटलं, मला योग्य वेळ बघू दे. “तुमची योग्य वेळ!” एवढंच म्हणाली आणि कोथिंबीर चिरायला लागली.

बुधवारी मंडळाच्या ग्रुपवर आगच लागली. त्या जोडप्याचा सेल्फी तिथे येऊन पोचला होता. ‘ओबडायाची मराठी आपल्यापेक्षा चांगली!!’ ‘माझ्या मॅनेजरला फॉरवर्ड केला, त्याला वाटलं मोटिव्हेशनल आहे.’ ‘कौन्सिलला कळवू नका रे, काढून टाकतील.’ दुपारी सुश्रुतचा फोन. हा मंडळाचा अध्यक्ष, पस्तिशीचा, बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये असतो. “काका, एक नंबर! तो बोर्ड तुमचा म्हणे? शनिवारी उद्घाटनाला आम्ही सगळे येतोय. ऐंशी नावं आली.” मी म्हटलं, अरे ती माझी नात आहे, तिची नोकरी आहे, जरा सांभाळून घ्या. “काका, टेन्शनच नाही. आम्ही अजिबात हसणार नाही.” ऐंशी मराठी माणसं एका खोलीत जमली आणि हसली नाहीत, असं कधी झालंय? संध्याकाळी ईशिता नाचत घरी आली. “आजोबा, मराठी कम्युनिटीची बुकिंग बघा! फिलिपा म्हणते असा रिस्पॉन्स कधीच आली नाही.” “आला नाही,” मी म्हटलं. तिचा चेहरा असा फुलला होता की मी पुढचं न सांगता पानावर जाऊन बसलो. सुलक्षणानं माझ्या पानात भात जरा आदळूनच वाढला.

गुरुवारी मी ठरवून बसलो. तोंड धुतलं, स्वच्छ शर्ट घातला, जणू इंटरव्ह्यूच आहे. आमटी वाढून झाली आणि मी म्हटलं, “ईशिता, त्या बोर्डाबद्दल जरा बोलायचंय.” तर ती म्हणाली, “आधी माझी सरप्राइज!” आणि बॅगेतून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. “तुमचा फाइल सापडली!” हे दुरुस्त करायचं मला सुचलं नाही, कारण ती चिठ्ठी मी ओळखली होती. कंपनीची छापील चिठ्ठी. पी. टेंबे, ड्रॉइंग ऑफिस. खाली टाइपरायटरनं, ‘अकरा मिनिटे. कृपया खुलासा करावा.’ आणि त्याखाली माझ्या हातानं एकच शब्द, ‘कॉन्स्टिपेशन.’ ईशिता हसून हसून लाल झाली होती. “आजोबा, टॉयलेटला पंचकार्ड! आणि तुमचा उत्तर! हे मी काचेच्या केसमध्ये ठेवणार आहे, लोकांना टॉयलेट स्टोरीज खूप आवडतात. चालेल ना?” सुलक्षणाही हसली. मीही हसलो. काय करणार? म्हटलं, चालेल की. आमटी संपवली, पानात हात धुतला. असा हात धुतल्याचं सुलक्षणाला अजिबात चालत नाही, पण ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

त्या कारखान्यात एकच जागा अशी होती जिला आतून कडी होती. संडास. आणि त्याच्या बाहेर ओबडायाचं स्वतःचं घड्याळ. आत जाताना टण्, बाहेर येताना टण्. चार मिनिटं माफ. ओबडायाचं म्हणणं होतं की प्रामाणिक माणसाला चारापेक्षा जास्त लागत नाहीत. १९७९ चा फेब्रुवारी महिना होता, सकाळी घरातून निघताना दारात एअरोग्रॅम पडलेलं दिसलं. थोरल्या भावाचं अक्षर. खिशात टाकलं, म्हटलं बसमध्ये वाचू, बसमध्ये गर्दी होती. ड्रॉइंग ऑफिसात सगळ्यांच्या समोर कसं वाचायचं? म्हणून दहाला संडासात गेलो. भावानं लिहिलं होतं, तार केली ती परत आली, बहुतेक जुन्या पत्त्यावर गेली. वडील गेले. सगळं नीट झालं, तुझ्या नावानंही मी पाणी दिलं, काळजी करू नये. वरची तारीख बघून मी बोटांवर दिवस मोजले. तेराव्याचं जेवण उठून गेलं होतं. मी इथे मात्र तेरा दिवस व्यवस्थित टण् करत कामावर येत होतो, डबा खात होतो, एकदा तर सिनेमाही बघितला होता. त्यांना पोचवायला चार माणसं लागतात, त्यातला एक खांदा माझा, तो स्लाऊला स्प्रिंगचं चित्र काढत होता. कमोडच्या झाकणावर बसून मी रडलो. आवाज होऊ नये म्हणून साखळी ओढायचो. टाकी भरेपर्यंत दम धरायचो, परत ओढायचो. अकरा मिनिटं.

जेवणाच्या सुट्टीनंतर ती चिठ्ठी टेबलावर. खुलासा करावा. तुम्ही काय लिहिलं असतं? मी इतका चिडलो होतो की मला वडिलांचं नावसुद्धा त्या कागदावर द्यायचं नव्हतं. तेवढ्यात पर्सोनेलचे प्रिचर्डसाहेब आले, हातात ओबडायाची सहा वचनं. “पर्सी, यू राइट इंडियन, डोन्ट यू?” नवीन भरती झालेल्या तुमच्या लोकांना समजावं म्हणून कँटीनमध्ये लावायचंय, चारपर्यंत दे. पहिलंच वचन, तुझं काम तुझ्यामागे उरेल. मी बोरू घेतला, ड्रॉइंग ऑफिसातली उत्तम काळी शाई घेतली, आणि शांतपणे, अगदी घोटून लिहिलं. मसणात गेलं तुझं काम. जिथे मला जाता आलं नाही तिथे त्याचं काम पाठवलं. मग हात मोकळा झाला. ‘वाया गेलेलं मिनिट परत येत नाही’ याचं केलं, चुलीत घाल ते घड्याळ. ‘आधी आज्ञा पाळा, मग विचारा’ याचं, तू कोण रे टिकोजीराव? ‘स्वच्छ यंत्र हेच स्वच्छ मन’ याचं, आधी स्वतःचं थोबाड धुऊन ये. ‘रिकामा हात चोराचा हात’ याचं मला काही सुचेना, कंटाळा आला होता, लिहिलं, आधी चहा. शेवटचं होतं, देव सर्व पाहतो. त्याचं मात्र जसंच्या तसं केलं, देवाची कोण चेष्टा करणार? प्रिचर्डसाहेब कागद बघून म्हणाले, इंग्रजीपेक्षा फार छोटं झालंय. मी म्हटलं, सर, इट्स अ व्हेरी कॉम्पॅक्ट लँग्वेज.

शनिवारी स्टॅकपोल हाऊस खच्चून भरलं. ऐंशी कुठले, सव्वाशे. बायका नऊवारीत, पोरं कुर्त्यात, जशी दिवाळी पहाटच. सुश्रुतनं सगळ्यांना दम भरलेला दिसत होता, कारण सगळे इतके गंभीर चेहरे करून बसले होते की मयताला आल्यासारखे वाटत होते. दारात एक जुनं हजेरीचं घड्याळ चालू करून ठेवलेलं, येणाऱ्यानं आपलं कार्ड घालायचं, दांडा ओढायचा, गंमत म्हणून. टण्, टण्, सारखं टण्. काचेच्या पेटीत माझी चिठ्ठी होती, तिच्यापुढे लोक फोटो काढत होते. मागच्या रांगेत काठी घेऊन गुरमेल बसला होता, आमच्या असेंब्लीतला, पगडी आता पांढरी. फिलिपाबाई बोलल्या. मग ईशिता उभी राहिली, निळी साडी, सुलक्षणानं नेसवून दिलेली. ती म्हणाली, ओबडाया स्टॅकपोलनं कामगारांकडून सगळं घेतलं, त्यांचा वेळसुद्धा, पण या खोलीत एका माणसानं त्यांना काहीतरी दिलं. “आजोबा, तुम्ही स्वतः वाचा ना. आणि मीनिंग सांगा.” आणि परत तसंच बघितलं.

मी उठलो. बोर्डासमोर गेलो. तेवढ्यात मनात आलं, काय बिघडतंय, जे इंग्रजीत वर लिहिलंय तेच मीनिंग म्हणून सांगावं, ही सव्वाशे माणसं मंडळाची आहेत, गप्प बसतील, पोरीची नोकरी पक्की होईल, आणि मी घरी जाऊन चहा पिईन. मी वाचलं, “मसणात गेलं तुझं काम.” खणखणीत, आरती म्हणावी तसं. तिसऱ्या रांगेत कोणीतरी खोकला. सगळ्या हॉलला एकदम खोकला आला. बायकांनी पदर तोंडाला लावले. सुश्रुत छताकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. ईशितानं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, पण डोळ्यांना कळायला लागलं होतं की ह्या खोलीत सगळ्यांना काहीतरी माहीत आहे आणि तिला एकटीला नाही. माझ्याच नातीला, माझ्याच भाषेत, मी असं एकटं पाडलं होतं. ते मला बघवेना. मी इंग्रजीत म्हटलं, ह्याचा अर्थ वर लिहिलाय तो नाही. ह्याचा अर्थ, तुझं काम गेलं स्मशानात. पुढचीही सगळी सांगितली, थोबाडासकट. म्हटलं, ईशिताचा काही दोष नाही, तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. आणि ती तिथली चिठ्ठी, तीही खोटी आहे. त्या दिवशी मला कॉन्स्टिपेशन नव्हतं. त्या दिवशी माझे वडील गेल्याचं पत्र आलं होतं.

मग मागून गुरमेल काठीवर उठला. “ओए पर्सी, पाँचवीं लाइन हमने पढ़ ली थी. आधी चहा! चहा मतलब चाय. पंद्रह साल हमने फोरमॅन को बोला, मालिक का हुक्म है, बोर्ड पर लिखा है, पहले चाय. वो मान गया जी!” आणि तेव्हा मात्र सगळा हॉल फुटला. हसले, टाळ्या वाजवल्या, कोणी डोळे पुसत होतं. सुलक्षणा पहिल्या रांगेत हसतही नव्हती आणि टाळ्याही वाजवत नव्हती. तिला ते अकरा मिनिटांचं आजच कळलं होतं. मला तिच्याकडे बघवेना. मी मागच्या दारानं निघालो, उजवीकडे वळलो. पाय आपोआप तिकडेच गेले. संडास. नवीन केलेत, गरम पाण्याचे नळ वगैरे, पण जागा तीच. कडी लावली, झाकणावर बसलो. ह्या वेळी ओढायला साखळी नव्हती, एक बटण होतं. ते दाबलं.

किती वेळ बसलो कोण जाणे. बाहेर चपला वाजल्या, साडी सळसळली. “आजोबा?” मी नाक पुसलं. “हा पुरुषांचा आहे, ग.” “आय नो.” मग दाराखालच्या फटीतून एक कार्ड आत सरकलं. हजेरीचं कार्ड, दारातल्या घड्याळाचं. त्यावर आत गेल्याची वेळ नाही, बाहेर आल्याची नाही, कुठेच शिक्का नाही. शिक्क्याच्या जागी पेननं, वेड्यावाकड्या देवनागरीत, जोडाक्षर नको म्हणून सोपे सोपे शब्द शोधून लिहिलं होतं, ‘लागेल तेवढी वेळ.’ मी ते वाचलं. दोनदा वाचलं. डोळ्यांतून धारा चालल्या होत्या, आणि तोंडातून काय निघावं?

“तेवढा,” मी म्हटलं. “लागेल तेवढा वेळ. वेळ इथे पुल्लिंगी आहे.”

मला वाटलं, संपलं, आता ही पोर जन्मात माझ्याशी बोलणार नाही. विचारलं, “तुझ्या नोकरीचं काय झालं?” “माहीत नाही. फिलिपा रडते आहे. आय थिंक गुड क्रायिंग.” मग दाराला टेकून ती खाली फरशीवर बसल्याचा आवाज आला, नव्या साडीसकट. तीही नाक ओढत होती. हसत होती की रडत होती, दाराआडून कळत नव्हतं.

“आणि आजोबा,” ती म्हणाली, “मसणात गेलं तुमचं व्याकरण.”

मी कडीवर ठेवलेला हात तसाच राहिला. गेलं. तुमचं. व्याकरण. लिंग बरोबर, वचन बरोबर, एक काना इकडचा तिकडे नाही. इतकं शुद्ध वाक्य ती पोर जन्मात पहिल्यांदा बोलली होती.